डार्विनची कबुतरे

उत्क्रांतीचा धडा सुरू झाला की आपल्याला जिराफ आठवतो, गालापागोस बेटे आठवतात. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथात मात्र पहिल्याच प्रकरणात भेटतात ती पाळीव कबुतरे. ग्रंथाचे हस्तलिखित वाचून प्रकाशकाच्या एका सल्लागाराने, त्यापेक्षा कबुतरांवरच पुस्तक लिहा, असे सुचवले होते!

डार्विनने १८५५ साली घरी ढाबळ बांधली. लंडनच्या कबुतरबाजांच्या दोन मंडळांचा तो सभासद झाला. मद्रासच्या मुलकी सेवेतील वॉल्टर एलियट याने त्याला भारतातील कबुतरांची कातडी पाठवली. जातीजातींत फरक केवढा! आपल्या इमारतींवरच्या पारव्याला शेपटीची पिसे साधारण बारा, तर लक्का कबुतराला तीस, कधी चाळीससुद्धा. तरी या साऱ्यांचा पूर्वज एकच, पारवा, असे डार्विनचे म्हणणे. त्याने पांढऱ्याशुभ्र लक्क्याचा काळ्या रंगाच्या दुसऱ्या जातीशी संकर केला. पिल्ले तपकिरी-काळी निघाली. त्या पिल्लांचा पुन्हा आपसांत संकर केल्यावर एक नातवंड चक्क निळसर आणि पंखांवर दोन काळे पट्टे असलेले जन्मले, हुबेहूब पारव्यासारखे.

लक्का कोणी 'बनवला'? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. पंख्यासारखी शेपटी घडवू या, असे ठरवून कोणी सुरुवात केली नसणार. एखाद्या पिल्लाला दोन पिसे जास्त आली, मालकाला ती आवडली, त्याने त्या पिल्लाची वीण ठेवली. पुढच्या पिढीत पुन्हा तेच. पिसे वाढवणे माणसाच्या हाती नव्हतेच. आपोआप उपजलेल्या फरकांतून निवड करणे, एवढेच त्याच्या हाती होते.

मग निवडणारा माणूसच नसेल तर? याचेही उत्तर कबुतरांतच सापडते. युरोपात काही ठिकाणी पांढरी कबुतरे पाळू नका, असे लोकांना बजावत. ससाण्याच्या नजरेत ती चटकन भरतात, अशी नोंद डार्विनने केली आहे. ससाण्याला कबुतराची जात सुधारायची नसते, त्याला भूक लागलेली असते. पण वाचतात ती कमी उठून दिसणारी, आणि पिल्लेही त्यांचीच जास्त होतात. 'जगण्यासाठी प्राण्याने रंग बदलला' असे वाक्य आपल्या तोंडून सहज निघून जाते. ते टाळलेच पाहिजे, कारण त्याने सगळा विचारच उलटा होतो. बदल आधी असतो, निवड नंतर होते.

हे फरक उपजतात कसे, हे मात्र डार्विनला सांगता आले नाही. २०१३ साली कबुतराच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोक्यावर तुरा असलेल्या अनेक जातींत एकाच जनुकातला एकच बदल आढळला. तो एकदाच घडला असावा आणि पुढे शौकिनांनी संकर करकरून तो जातीजातींत पसरवला असावा.