आबांचा चहा आणि मेंदूचा दुसरा अर्धा भाग

या विकांताला मुकुंदवाडीला घरी होतो. आबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला पाच महिने झाले. हात अजून नीट उचलत नाही, पण शनिवारी त्यांनी बशीभर चहा प्यायला, तोही ठसका न लागता!

सुरुवातीला घोटभर पाण्यानेही ठसका लागायचा. आज्जी डोक्यावर थापटत "वर बघा, वर बघा" म्हणायची. स्पीच थेरपीच्या मॅडमनी आधी तेच बंद केलं. आबांना सांगितलं, हनुवटी छातीकडे, छोटा घोट, मग गिळा. पाणी श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनियाची भीती.

मग गेलेलं गिळणं परत आलं कसं? या प्रश्नात माझा रविवार गेला.

गिळणं हे मेंदूच्या देठाचं, म्हणजे ब्रेनस्टेमचं काम, असं बराच काळ मानलं जायचं. मग वरच्या मेंदूच्या एकाच बाजूला झटका आला तरी ते का बिघडावं?

उत्तराला हत्यार मिळालं १९८५ मध्ये. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय ठोका दिला आणि समोरच्याचा हात हलला. कवटी न उघडता! तत्त्व फॅरेडेचं, १८३१ चं, बारावीला आपण घोकलेलं. १९९६ मध्ये मँचेस्टरच्या शाहीन हॅम्डी यांनी याच पद्धतीने गिळण्याच्या स्नायूंचा मेंदूतला नकाशा काढला. ताबा दोन्ही बाजूंचा निघाला, पण सारखा नाही. एक बाजू वरचढ, आणि तिचा डावरे-उजवेपणाशी संबंध नाही. वरचढ बाजू गेली की गिळणं अडतं.

१९९८ मध्ये त्यांनी झटका आलेल्या २८ जणांचा तीन महिने मागोवा घेतला. ज्यांचं गिळणं सुधारलं, त्यांच्या मेंदूच्या शाबूत बाजूचा नकाशा वाढला होता. आमच्या भाषेत स्टँडबाय सर्व्हर. फक्त हा आयता तयार नसतो, कामाला लागून वाढतो.

मग त्याला ढकलता येईल का? २००२ मध्ये हॅम्डींच्याच गटाने घशाला दहा मिनिटं सौम्य करंट दिला, गिळणं सुधारलं. २००९ मध्ये इजिप्तमधल्या असिउतला २६ रुग्णांवर चुंबकीय ठोके वापरले, तेही दुखावलेल्या बाजूवर. २०११ मध्ये बोस्टनला १४ जणांच्या शाबूत बाजूला करंट दिला, रुग्ण तेव्हा लिंबाच्या चवीची गोळी चोखत गिळत होते. दोन्हीकडे फायदा दिसला.

पण थांबा. घशाच्या करंटची मोठी चाचणी २०१६ मध्ये आली. १६२ रुग्ण, आणि खऱ्या-खोट्या उपचारात फरक शून्य! २०१८ मध्ये गळ्यात श्वासाची नळी असलेल्या ६९ जणांवर पुन्हा पाहिलं. नळी काढण्याजोगे झाले ४९ टक्के, करंट न दिलेल्यांत ९ टक्के. म्हणजे प्रश्न "चालतं का?" इतकाच नाही, "कोणाला चालतं?" हा आहे.

आबांना ना वेटोळं लागलं, ना करंट. मॅडमचे व्यायाम आणि आज्जीची दाट पेज, रोज न चुकता. पण या सगळ्या यंत्रांची सुरुवातही आबांसारख्यांपासूनच झाली. आपोआप बरे होणाऱ्यांत नेमकं काय होतं, हे कोणीतरी नीट पाहिलं म्हणून.

असो. दोन विनंत्या. घरी बॅटरी लावून प्रयोग करू नका. आणि कोणाला झटका आला तर गिळणं तपासल्याशिवाय प्रेमाने पाणी पाजू नका. आम्ही पाजलं होतं.