चिलापीचं कूळ

१८३९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीर माशाचं शास्त्रीय नाव ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचा ‘खुदरी’ हा शब्दच उचलला. पुढच्याच वर्षी अँड्र्यू स्मिथ यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका मत्स्यप्रजातीला ‘टिलापिया’ म्हटलं, तेही त्स्वाना भाषेतल्या ‘त्ल्हापी’वरून. अर्थ साधा : मासा. मुळा-मुठेचं पाणी आज भीमेतून उजनीत येतं, आणि भिगवण-इंदापूरकडच्या पाट्या भरतात त्या चिलापीने, खुदरीने नव्हे.

‘चिलापी’ म्हणजे टिलापियाचा अपभ्रंश, हे उत्तर फारच सोपं आहे. मराठीने टिकिटाचं तिकीट केलं, चिकीट केलं नाही. मग इथेच ‘टि’चा ‘चि’ कसा झाला? माझा तर्क असा की शब्दाचं तोंड दक्षिणेचं आहे. हा मासा १९५२ मध्ये श्रीलंकेहून भारतात आला, तमिळमध्ये त्याला ‘जिलेबी’ म्हणतात, आणि तमिळच्या मूळ लिपीत च-ज एकाच अक्षराने लिहितात. यावर कोणी म्हणेल, जिलबी तर आपल्या पंगतीतली. मग इथेही जिलबीच का झाली नाही? कारण शेपूट ‘टिलापिया’चंच राहिलं : ‘लापी’. गंमत म्हणजे त्स्वानातला मूळ उच्चारही ‘च’सारखाच दाबून सोडायचा, लॅटिनने तो सपाट केला, मराठीने नकळत परत आणला.

हे झालं नावाचं; पण चिलापीवरून पाण्याची प्रत कळते का? सॅमन-ट्राउटच्या ओढ्यांची प्रत जोखणारे तळाची खडी, गाळ, सावली, गारवा आणि प्राणवायू पाहतात, कारण या माशांची अंडी खडीच्या फटींत असतात; गाळ बसला की गुदमरतात. खुदरीही वाहत्या, खडकाळ पाण्यातली. चिलापीचा नर मात्र चिखलात ताटलीएवढा खळगा करतो आणि मादी अंडी थेट तोंडात धरते. तळ बिघडला तरी तिचा पाळणा शाबूत! पण चिलापी स्वच्छ पाण्यातही राहते, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून नुसत्या तिच्या ढिगावरून नदीला नापास करता येत नाही. तिच्या शेजारी खुदरी आहे का, हे पाहावं लागतं. देशी मासे चिलापीनेच संपवले, हा आरोप मात्र मला अर्धाच पटतो. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, वाहती भीमा तुंबली, वरून पुण्याचं सांडपाणी येत राहिलं. घर आधी मोडलं, हे कूळ मागून माजलं.

शास्त्रज्ञांनी नंतर हा मासा टिलापिया प्रजातीतून काढून ओरिओक्रोमिसमध्ये घातला. भिगवणच्या बाजारात तो अजून चिलापीच आहे.