पोरं येईनात, मग शाळाच गेली!

शनिवारी घरी कोल्हापूरला आलो होतो. मिसळ खाता खाता एका मित्राने पोराच्या प्लेग्रुपची फी सांगितली आणि मला माझी इंजिनिअरिंगची फी आठवली! म्हटलं, "गल्लीत अंगणवाडी आहे की." तो हसला, "तिथं काय भावा, खिचडी मिळती."

खरं सांगायचं तर मलाही तेवढंच माहीत होतं. रविवारी बसून थोडं वाचलं आणि ताराबाई मोडक भेटल्या.

जन्म १८९२, मुंबई. १९१४ साली बी.ए.! पुढे राजकोटला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. तिथे माँटेसरी पद्धतीचे प्रयोग चालले होते. आधी मूल काय करतंय ते बघायचं, शिकवायचं नंतर. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला.

खरी परीक्षा १९४५ नंतर, डहाणूजवळच्या बोर्डीला. बालवाडी काढली, पण वारली पाड्यांवरची मुलं येईनात. दुसरं कुणी म्हणालं असतं, "यांना शिकायचंच नाही." ताराबाईंनी कारण शोधलं. कुणी गुरं राखतंय, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय. मग बालवाडीच पाड्यावर, कुणाच्या तरी अंगणात भरायला लागली. तीच अंगणवाडी! गुराख्यांसाठी कुरणशाळा, तान्ह्यांसाठी पाळणाघर. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया. १९५७ मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. सोबतीला अनुताई वाघ होत्याच.

आमच्या धंद्यात युजर सॉफ्टवेअर वापरत नसेल तर आम्ही युजरलाच ट्रेनिंग देतो. सॉफ्टवेअर चुकलं असेल हे शेवटी सुचतं. या बाईंना ते आधी सुचलं.

१९६२ साली पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. ते बघायला ताराबाई नव्हत्या. नाव राहिलं, खिचडीही राहिली (आणि ती गरजेचीच आहे), पण मुलाकडे बघत बसायची ती सवय किती ठिकाणी राहिली?

मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. म्हणाला, "फी भरून झालीया रे."

असू दे. पण तिथं जाऊन एकदा बघ म्हटलं, कुणी पोराकडे बघतंय, की पोरालाच फळ्याकडे बघत बसवलंय!