आंतरराष्ट्रीय वाहनचालन परवाना (बुलढाणा जिल्हा)

परदेशात तात्पुरते वाहन चालवण्यासाठी मूळ भारतीय परवान्याच्या आधारे मिळणारा दस्तऐवज. तो स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ कार्ड जवळ नसेल तर तो निरुपयोगी ठरतो. 1949 च्या जिनिव्हा करारावर तो आधारलेला असून, त्या कराराबाहेरच्या चीनमध्ये चालत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील (वाहन संकेतांक एमएच-28) रहिवाशांना तो बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयातून मिळतो. अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर, नमुना 4-अ मध्ये करतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ऑगस्ट 2022 च्या अधिसूचनेने देशभर एकसारखा, क्यूआर कोडयुक्त नमुना आला. परदेशात मुदत संपल्यास 2021 पासून भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो.

खरी गफलत होते ती पर्यटक आणि रहिवासी यांतील फरकात. स्थायिक झाल्यावर हा कागद फार काळ पुरत नाही: जर्मनीत साधारण सहा महिन्यांनी, ब्रिटनमध्ये बारा महिन्यांनी स्थानिक परवाना लागतो. मलकापूर-खामगावच्या रस्त्यांवर मुरलेल्या चालकालाही तिथे पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत वाहने उजवीकडून धावतात, तेव्हा जुनी सवयच आधी मोडावी लागते.