‘मुसा’ : फ्रेंच जिव्हाळावाचक संबोधनांचा अर्थ, उच्चार आणि दख्खनमधील एक अवशेष

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी कागदपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकास ‘मुसा बुसी’, ‘मुसा रेमू’ अशी नावे भेटतात. ‘मुसा’ हे व्यक्तिनाम समजून सूची करणाऱ्याची येथे फसगत होते. कारण एकच ‘मुसा’ कधी १७५१ साली निजामाच्या फौजेबरोबर दिसतो, तर कधी १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर. वस्तुतः हे नाव नव्हे. फ्रेंच भाषेत पुरुषास हाक मारताना वापरावयाचे जे आदरवाचक संबोधन, ‘मस्यो’, त्याचेच हे दख्खनी रूप होय. या एका शब्दाच्या आधारे फ्रेंच जिव्हाळावाचक संबोधनांची घडण कशी आहे, आणि असा शब्द परभाषेत गेला म्हणजे त्याचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम घडण पाहू. फ्रेंच लिहिताना या शब्दाचे दोन भाग स्पष्ट दिसतात : ‘मों’ म्हणजे ‘माझा’, आणि ‘स्यर’ म्हणजे ‘धनी’. दुसरा भाग ज्येष्ठतादर्शक लॅटिन शब्दापासून आला आहे. म्हणजे ‘मस्यो’ याचा मूळ अर्थ ‘माझे धनी’. ‘मादाम’ याचाही तसाच, ‘माझ्या स्वामिनी’. फ्रेंच संबोधनांचे मर्म या स्वामित्वदर्शक सर्वनामात आहे. ते जोडले की पुढचा शब्द कोणताही असला तरी चालतो. ‘मों शेरी’ (माझ्या लाडक्या) किंवा ‘मों त्रेझोर’ (माझ्या ठेव्या) यांत नवल नाही. परंतु ‘मों शू’ याचा शब्दशः अर्थ ‘माझ्या कोबी’, ‘मा बिश’ याचा ‘माझे हरिणी’ आणि ‘मा प्यूस’ याचा ‘माझे पिसवे’ असा होतो! पिसू हा काही प्रेमाचा विषय नव्हे. तेथे जिव्हाळा असतो तो ‘माझे’ या शब्दात. नामाकडे केवळ लहानपणाची सूचना उरते. आपल्याकडेही आई तान्ह्या मुलाला ‘माकडा’, ‘गाढवा’ म्हणतेच, आणि ‘माझं गाढव’ म्हटले की शिवीची लाडीगोडी होते.

दोन्ही भाषांत दुसरेही एक साम्य आहे. प्रेमाच्या बोलण्यात व्याकरणातील लिंग सैल होते. फ्रेंच मनुष्य स्त्रीलाही ‘मों शू’, ‘मों पती’ (माझ्या लहानग्या) अशी पुल्लिंगी हाक मारू शकतो. मराठी आई मुलीला ‘आलास का रे बाळा’ असे विचारते, तेव्हा तीही हेच करीत असते.

आता उच्चार. ‘प्यूस’ हे लेखन अपुरे आहे. त्यातील स्वर मराठीत नाही. जीभ ‘ई’च्या स्थानी ठेवून ओठ ‘ऊ’प्रमाणे गोल केले असता तो निघतो. ‘मस्यो’ यातील अंत्य स्वरही तसाच : जीभ ‘ए’ची, ओठ ‘ओ’चे. शिवाय या शब्दात लिहिलेला ‘न’ उच्चारला जात नाही आणि शेवटचा ‘र’ही नाही. म्हणजे ज्या ‘मों’मध्ये शब्दाचा जीव, तो बोलण्यात केवळ एका निसटत्या ‘म’पुरता उरला आहे.

बोलीतील अशा घर्षणाने नवे शब्दही जन्मतात. जुन्या फ्रेंचमध्ये ‘माझी सखी’ या अर्थी ‘मा’ आणि ‘आमी’ यांचा संधी होऊन ‘मामी’ असे रूप होत असे. पुढे स्वरादी स्त्रीलिंगी नामांपूर्वीही ‘मों’ वापरण्याचा प्रघात पडला आणि ‘मामी’ची फोड लोकांना कळेनाशी झाली. त्यांनी ती ‘मा मी’ अशी केली, आणि पूर्वी नसलेला ‘मी’ हा प्रेयसीवाचक शब्द भाषेत आला. ही व्याकरणाची चूक खरी, पण ती कानाने केलेली चूक आहे, आणि भाषेच्या इतिहासात कानाचा निर्णयच बहुधा अखेरचा ठरतो.

हाच न्याय ‘मुसा’ला लागू पडतो. बुसी १७५१ ते १७५८ या काळात निजामाच्या दरबारी प्रबळ होता. पेशवे आणि सलाबतजंग यांचा १७५२ चा तह ज्या भालकी येथे झाला ते गाव आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाही. त्याच्या कवायती पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंच्या बाजूने निजामाविरुद्ध लढला. ‘गारदी’ हा शब्दही फ्रेंच ‘गार्द’पासून आला, असे सामान्यतः मानतात. फौजेच्या तळावर हे शब्द लोकांनी ऐकले, वाचले नाहीत. याचा पुरावा शब्दाच्या अंगावरच आहे. ‘मुसा’त न ‘न’ आहे, न ‘र’. ‘रेमू’ यातही लेखनातील अंत्य ‘द’ नाही आणि अनुनासिक स्वराचा ‘ऊ’ झाला आहे. लेखन पाहून शब्द घेणाऱ्याने ही अक्षरे सोडली नसती. आरंभीच्या ओष्ठ्य ‘म’मुळे पुढील अस्फुट स्वर ‘उ’कडे झुकला, ‘स्य’ हे जोडाक्षर सुटे झाले, आणि अपरिचित अंत्य स्वराच्या जागी ‘घोडा’, ‘राजा’ या पुल्लिंगी शब्दांतील ओळखीचा ‘आ’ बसला. दख्खनी बोलीत मूसा हे पैगंबराचे नाव आधीच रूढ असल्याने ही वाट अधिक सोपी झाली.

फ्रेंच सेनानी रेमों याच्या बाबतीत तर हा बदल पूर्णत्वास गेला. त्याचा जन्म १७५५ चा. निजामअलीच्या सेवेत त्याने मोठी कवायती फौज उभारली. तो २५ मार्च १७९८ रोजी हैदराबादेत मरण पावला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला इंग्रजांनी ती फौज निःशस्त्र केली. मुसलमान त्यास ‘मूसा रहीम’ म्हणत व हिंदू ‘मूसा राम’, अशी परंपरा आहे. हैदराबादेतील मूसारामबाग या वस्तीचे नाव आजही टिकून आहे. येथे काळाचा योग ध्यानात घेण्यासारखा आहे. राज्यक्रांतीनंतर १७९२ पासून पॅरिसमध्ये ‘मस्यो’ हे संबोधन टाकून ‘नागरिक’ म्हणावे असा आग्रह सुरू झाला होता. कारण ‘माझे धनी’ हा अर्थ तेथे अद्याप ऐकू येत होता. त्याच वर्षांत हैदराबादेत त्या शब्दातील ‘माझे’ही गेले आणि ‘धनी’ही गेले. मात्र जिव्हाळा गेला नाही. तो लोकांनी आपल्या भाषेतून पुरविला आणि परक्या आडनावाच्या जागी आपापल्या देवाचे नाव ठेवले.

संबोधनाचा अर्थ असा झिजून जाणे हे मराठीसही नवे नाही. ‘गडे’ ही एके काळची सवंगड्याची हाक आज केवळ आर्जवाचा उद्गार आहे. ‘जा बाबा’, ‘असेल बुवा’, ‘अगं बाई’ यांत बाबा, बुवा किंवा बाई कोणीच समोर असावे लागत नाही. परंतु मराठीत जिव्हाळा टिकविण्याचे मुख्य साधन स्वामित्वदर्शक सर्वनाम नसून नात्याचा शब्द आहे, आणि तोही पुष्कळदा उलटविलेला. बाप मुलाला ‘बाबा’ म्हणतो, आजी नातीला ‘माय’ म्हणते. फ्रेंच भाषा प्रिय व्यक्तीस ‘माझी’ म्हणून जवळ करते, तर मराठी तिला वडीलपणा देऊन जवळ करते. शब्दकोशात ‘माय’ म्हणजे आई एवढेच नोंदविले, तर हा दुसरा उपयोग हाती लागत नाही.

म्हणून नांदेड व लातूर जिल्ह्यांतील संशोधक विद्यार्थ्यांस एक काम सुचवावेसे वाटते. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. देगलूर व बिलोलीकडे तेलुगू, उदगीर व निलंग्याकडे कन्नड, आणि शहरांतून दख्खनी यांचा मराठीशी रोजचा संबंध आहे. अक्का, अण्णा, अप्पा हे शब्द या शेजारातूनच मराठीत नांदत आहेत. अशी संबोधने केवळ अर्थासह न नोंदविता, कोणी कोणास, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या हेलाने म्हटली, यासह नोंदविली पाहिजेत. घरात बोलली जाणारी ही भाषा दप्तरात उतरत नाही. बोलणारी पिढी गेली की तिचा दुसरा पुरावा राहत नाही. ‘मुसा’ कागदावर उतरला तो एका सेनापतीच्या नावाला चिकटला होता म्हणून. आजीच्या ‘माय’ला तसा कोणताही आश्रय नाही.