खेळणे विकण्यासाठी रचलेली गोष्ट आणि उदगीरचा प्रेक्षक

१/
सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ ही कार्टून मालिका सुरू झाली. इटर्निया नावाचा काल्पनिक ग्रह, तलवार उंचावताच महाबली होणारा राजपुत्र, कवटीच्या तोंडाचा स्केलेटॉर; तलवारी आणि जादूच्या जोडीला किरणास्त्रे व उडती याने. या कथेचा जन्म मात्र लेखकाच्या टेबलावर झालेला नव्हता. आधी प्लास्टिकचे बाहुले बाजारात आले, मग त्यांच्यासाठी कथा रचली गेली. काही वर्षांनी हीच मालिका दूरदर्शनने मराठवाड्यातल्या छोट्या गावांपर्यंत नेली. तेथे गोष्ट पोहोचली, पण जे विकण्यासाठी ती रचली होती ते खेळणे पोहोचले नाही. या थ्रेडचा विषय आहे त्या दोहोंमधले अंतर.

२/
प्रारंभ मॅटेल या अमेरिकन कंपनीपासून होतो. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला. त्याची खेळणी बनवण्याचा हक्क मॅटेलने नाकारला होता. तो केनर या प्रतिस्पर्धी कंपनीने घेतला आणि त्या खेळण्यांनी अमेरिकन बाजाराचे रूपच पालटले. दुसऱ्याची कथा हातची गेल्यावर मॅटेलने स्वतःची पात्रे घडवायचे ठरवले. १९८२ मध्ये पिळदार दंडांचे, रुंद छातीचे ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’ दुकानांत आले. मुलांना ही पात्रे कोण हे कळावे म्हणून प्रत्येक बाहुल्याबरोबर एक छोटी चित्रकथा दिली जाई. खेळण्याला कथेची गरज असते, हे कंपनीने ओळखले होते.

३/
चित्रकथेच्या पुढची पायरी दूरचित्रवाणी हीच होती. पण तेथे एक जुना अडसर होता. १९६९ मध्ये मॅटेलच्याच ‘हॉट व्हील्स’ या छोट्या मोटारींवर एक कार्टून मालिका अमेरिकेत सुरू झाली होती. प्रतिस्पर्धी खेळणी कंपनीने तक्रार केली की ही मालिका नव्हे, अर्ध्या तासाची जाहिरात आहे. दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या संघीय आयोगाने त्या तक्रारीची दखल घेतली आणि कार्यक्रमाचा काही भाग जाहिरातीच्या वेळेत मोजण्यास वाहिन्यांना सांगितले. मालिका फार काळ टिकली नाही. पुढे दशकभर तो मार्ग जवळजवळ बंद राहिला.

४/
१९८१ मध्ये रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि आयोगाचे अध्यक्षपद मार्क फाउलर यांच्याकडे आले. बाजारावरची बंधने सैल करावीत, प्रेक्षकाला काय हवे ते बाजारानेच ठरवावे, असे त्यांचे धोरण होते. १९८४ मध्ये आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरील मार्गदर्शक मर्यादाही काढून टाकल्या. बदलत्या वाऱ्याचा अंदाज घेऊन ही-मॅन त्याआधीच पडद्यावर आला होता. १९६९ मध्ये जे मॅटेलला साधले नव्हते, ते चौदा वर्षांनी साधले.

५/
त्यामागचे गणित साधे होते. फिल्मेशन या कंपनीने ६५ भागांचा एक, असे दोन हंगाम मिळून १३० भाग तयार केले. ६५ हा आकडा सहज ठरलेला नव्हता. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे म्हणजे ६५ भाग. मग तेच पुन्हा दाखवता येत. स्थानिक वाहिन्यांकडून रोख रक्कम न घेता मालिकेच्या बदल्यात जाहिरातीचा काही वेळ घेतला जाई. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी धावण्याची, ठोसा मारण्याची, रूपांतराची ठरावीक चित्रे पुन्हा पुन्हा वापरली जात. तेच ते दृश्य पाहिल्याची आठवण अनेक प्रेक्षक आजही सांगतात, तिचे मूळ या काटकसरीत आहे.

६/
मग रांगच लागली. हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी घेतली, त्यांना नावे आणि स्वभाव दिले आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ उभे केले. ‘जी. आय. जो’ या सैनिकांच्या बाबतीत तर नामी युक्ती योजली गेली. खेळण्याच्या जाहिरातीत ॲनिमेशन किती वापरावे यावर निर्बंध होते. कॉमिकच्या जाहिरातीवर ते नव्हते. म्हणून खेळण्याऐवजी कॉमिकची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली, ॲनिमेशनने भरलेली. पालकांच्या संघटनांनी टीका केली. मालिकांनी उत्तर म्हणून शेवटी छोटा उपदेश जोडला : खोटे बोलू नये, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नये. उपदेश खरा होता, आणि तो संपताच मूल दुकानात जावे ही अपेक्षाही खरी होती.

७/
आता उदगीरकडे वळू. ३ फेब्रुवारी १७६० च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात ठाऊक असलेले हे गाव हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या भाषांच्या सीमेवरचे हे ठिकाण दूरचित्रवाणीच्या नकाशावर मात्र बराच काळ कोरेच होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे होती. बिदरच्या पलीकडील गुलबर्गा जिल्ह्याचा समावेश झाला. महाराष्ट्राचा झाला नाही. मुंबई केंद्र १९७२ मध्येच सुरू झाले होते, पण त्याच्या लहरी मराठवाड्याच्या या टोकाला येणे शक्य नव्हते.

८/
चित्र बदलले ते १९८३ च्या ऑगस्टमध्ये. इन्सॅट-१बी हा उपग्रह अंतराळात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारण्याची मोहीम निघाली. त्या वर्षी काही महिने तर जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होते. शंभर वॅटची ही केंद्रे आसपासच्या मर्यादित टापूपुरती असत. स्वतःचा कार्यक्रम तयार करण्याची सोय त्यांत नव्हती. उपग्रहावरून येईल ते पकडायचे आणि पुढे सोडायचे, एवढेच काम. त्यामुळे तालुक्याच्या गावांना मुंबईच्या आधी दिल्ली दिसू लागली. आणि दिल्लीने जे निवडले तेच उदगीरच्या मुलांनी पाहिले, कारण दुसरी वाहिनीच नव्हती.

९/
ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीने निवडलेल्या परदेशी मालिकांत ही-मॅन होता. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये ‘महाभारत’ सुरू झाले, तोच हा काळ. गल्लीत एखाद्याच घरी संच असे आणि त्यापुढे शेजारपाजारची पोरे सतरंजीवर दाटीने बसत. दिव्य अस्त्रे, शापित राजे आणि मायावी राक्षस त्यांच्या परिचयाचे होते. त्यामुळे आकाशाकडे तलवार उंचावून सामर्थ्य मागणारा राजपुत्र त्यांना परका वाटण्याचे कारण नव्हते. यानांचे आणि किरणास्त्रांचे नवल तेवढे वेगळे होते.

१०/
या प्रवासात एक दुवा गळाला होता. अमेरिकेत मालिका संपली की मूल जवळच्या दुकानात तोच बाहुला पाहू शके. भारतात ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात त्या काळी जवळजवळ बंद होती. ही संख्यात्मक बंधने पूर्णपणे उठली ती एप्रिल २००१ मध्ये. परदेशी खेळणे मिळालेच तर ते आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या बॅगेतून. म्हणजे दूरदर्शनने कार्यक्रम आत येऊ दिला होता; ज्याच्यासाठी तो कार्यक्रम तयार झाला, ती वस्तू मात्र सीमाशुल्काच्या दारातच अडकली होती.

११/
कंपन्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे परवान्यावर भारतातच उत्पादन. व्हीआयपी बॅगांमुळे घरोघरी माहीत झालेल्या मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने ‘लिओ’ या नावाने मॅटेलची खेळणी काढली. त्यांत बार्बी होती आणि ही-मॅनही. १९८७ मध्येच मद्रासच्या एमआरएफ कंपनीने हॅस्ब्रोबरोबर ‘फनस्कूल’ स्थापन केली. तिचा कारखाना गोव्यात, जुने गोव्याजवळच्या खोर्ली येथे उभा राहिला. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तेही हेच वर्ष. अमेरिकन सैन्याचे शूर शिपाई म्हणून घडवलेले ‘जी. आय. जो’ गोव्यात जन्माला येऊ लागले.

१२/
हे घडण्यामागचे कारण तांत्रिक होते. प्लास्टिकच्या बाहुल्यात सर्वांत महाग असतो तो पोलादी साचा. वितळलेले प्लास्टिक दाबाने त्यात भरतात, थंड झाले की तुकडा बाहेर काढतात आणि मग जोडणी व रंगकाम होते. अमेरिकेत एखाद्या पात्राची विक्री संपली तरी साचा शाबूत राही आणि तो दुसऱ्या देशातील परवानाधारकाकडे पाठवता येई. गोव्यात त्या साच्यांतून निघालेल्या शिपायांचे रंग मूळच्यापेक्षा निराळे असत. कधी एकाचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसे. त्या वेळी ही तडजोड होती. आज त्या वेगळेपणामुळेच परदेशी संग्राहक गोव्याचे हे शिपाई हौसेने शोधतात.

१३/
देशातच बनली तरी ही खेळणी मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांची होती. लहान गावातल्या मुलाच्या वाट्याला पोळ्याचा मातीचा बैल, जत्रेतील भिंगरी आणि लाकडी भोवरा येई. ही-मॅनची तलवार हवी असेल तर ती काठीचीच करावी लागे. तेव्हा उदगीरच्या मुलाने जे पाहिले ते अमेरिकन मुलाने पाहिलेल्यापेक्षा वेगळे होते. भाग तोच, चित्रे तीच. पण जाहिरातीतून माल वजा झाल्यावर उरते ती निव्वळ गोष्ट. कथेचा दर्जा बेताचा असेल, तरी तिने त्या मुलाकडे काही मागितले नाही.

१४/
यात भाबडेपणाने सुख मानण्यासारखे काही नाही. ही मुले जाहिरातीपासून वाचली ती कुणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, टंचाईमुळे. ज्याला खेळणे मिळत नाही तो त्याच्या मोहापासून सुरक्षित असतो, हे काही धोरण म्हणता येत नाही. खरे धोरण आखण्याचा प्रयत्न पुढे अमेरिकेतच झाला. १९९० च्या बालदूरचित्रवाणी कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवर मर्यादा घातली : सुटीच्या दिवशी तासाला साडेदहा मिनिटे, इतर दिवशी बारा. परंतु खेळण्यावर बेतलेली मालिका हीच जाहिरात मानायची का, या मूळ प्रश्नाला त्याने बगल दिली. त्याच खेळण्याची जाहिरात त्याच कार्यक्रमात दाखवू नये, एवढ्यावर नियम थांबला.

१५/
तोवर ही-मॅनचा बाजार ओसरला होता. १९८६ मध्ये शिखरावर असलेली विक्री १९८७ मध्ये कोसळली. त्याच वर्षी आलेला चित्रपट पडला आणि १९८९ मध्ये फिल्मेशन बंद झाली. भारतातील मुले ही-मॅनच्या पुढच्या भागाची वाट पाहत होती, त्या सुमारास त्याच्या जन्मभूमीत दुकानदार उरलेला माल सवलतीत काढत होते. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश उशिरा पोहोचावा, तशी ही गोष्ट मराठवाड्यात उशिरा पोहोचली.

१६/
गळालेला दुवा पुढे जुळला. नव्वदच्या दशकात केबल आली, मे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झाले, आयात खुली झाली. त्यानंतरच्या दशकात ‘बेब्लेड’ ही जपानी मालिका भारतीय मुलांनी डोक्यावर घेतली. ताकारा कंपनीने १९९९ मध्ये ‘बेइगोमा’ या पारंपरिक जपानी भोवऱ्याला प्लास्टिकचे नवे रूप दिले आणि २००१ मध्ये त्याच्यासाठी ५१ भागांची मालिका आली. या वेळी गोष्टीमागोमाग वस्तूही छोट्या गावांत शिरली. कधी अस्सल, बहुधा स्वस्त नक्कल.

१७/
ज्या भागात सुताराच्या कातकामातून उतरलेला भोवरा पिढ्यान्‌पिढ्या फिरत होता, तेथे अखेर भोवराच विकला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लाकडी भोवऱ्याला कथा नव्हती. त्याचे सामर्थ्य दोरी गुंडाळणाऱ्या हातात होते आणि हरलेल्या भोवऱ्यावर पडणाऱ्या खोचांत त्याचा इतिहास लिहिलेला असे. नव्या भोवऱ्याबरोबर नायक, खलनायक आणि पुढच्या हंगामातील नवे मॉडेलही आले. या दोन भोवऱ्यांच्या मधली काही वर्षे ही-मॅनची होती. त्या वर्षांत उदगीरच्या सतरंजीवर बसलेले मूल फक्त प्रेक्षक होते. ते ग्राहक व्हायचे होते.