कायद्याचा वर्ग : अदालतीच्या शास्त्र्यापासून राहात्याच्या कोर्टापर्यंत

एकत्र कुटुंबातला धाकटा भाऊ निपुत्रिक वारला, त्याच्या विधवेने दत्तक घेतला आणि थोरल्याने तो दत्तक मानायला नकार दिला. असा तंटा १८४० च्या सुमारास नगरच्या अदालतीत उभा राहिला, तर इंग्रज जज्ज एकट्याच्या बळावर निकाल देऊ शकत नसे. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या रेग्युलेशनांनी त्याला सांगून ठेवलं होतं की जिथे सरकारी कायदा नाही तिथे देशाचा रिवाज पाहा, तोही नसेल तर प्रतिवादीचा स्वतःचा धर्मकायदा पाहा. पण हा धर्मकायदा जज्जाला कुठला येणार? तो प्रश्न लिहून काढी आणि अदालतीच्या नेमलेल्या शास्त्र्याकडे पाठवी. शास्त्रीबुवा मिताक्षरा आणि व्यवहारमयूख उघडत, उत्तर लिहीत, खाली आधाराची वचनं जोडत.

आपल्याकडच्या कायद्याच्या शिक्षणाची कुळकथा मी इथून सुरू करतो. बहुतेक जण ती मुंबईतल्या लॉ कॉलेजपासून सुरू करतात. पण कॉलेज नव्हतं तेव्हाही कायद्याचा अभ्यास चालू होता, आणि एका बाबतीत तो आजच्यापेक्षा सरस होता : त्यातला प्रत्येक प्रश्न कुणीतरी खरोखर विचारलेला असे.

त्या काळी नगर जिल्ह्यातला राहाता हा स्वतंत्र तालुका नव्हता; कोपरगाव तालुक्यातलं ते बाजाराचं गाव. इथला शेतकरी वाटणीच्या, दत्तकाच्या भांडणात नगरला गेला की त्याचं नशीब या दोन ग्रंथांवर ठरे. गुजरातेत, मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात मयूख वरचढ मानला गेला, बाकी मराठी मुलखात मिताक्षरा. पुणे, नगर आणि खानदेश या पट्ट्यात मात्र न्यायालयांनी मयूखाला मिताक्षरेच्या जवळपास बरोबरीचं स्थान दिलं. म्हणजे नगरच्या शास्त्र्याला दोन्ही पचवावे लागत, आणि दोघांत विरोध आला तर तो सोडवावाही लागे. मयूखाचा कर्ता नीळकंठ भट्ट सतराव्या शतकात काशीत राहिला, पण त्याचं घराणं मूळचं पैठणचं. ज्या गोदावरीच्या काठी राहाता तालुक्यातलं पुणतांबे आहे, त्याच काठाने खाली पैठण.

१८६४ मध्ये कायदा करून सरकारने अदालतींतली शास्त्र्यांची आणि मौलवींची पदं मोडीत काढली. आता जज्ज विचारणार कुणाला? रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर या दोघांनी मुंबई इलाख्यातल्या अदालतींच्या दप्तरांतून शास्त्र्यांची जुनी उत्तरं गोळा केली, विषयवार लावली, त्यांवर टिपा लिहिल्या आणि १८६७ पासून हिंदू कायद्याचा तो संग्रह छापला. प्रश्न, उत्तर, आधार आणि खाली अदालतीचं गाव व तारीख, अशी त्याची मांडणी आहे. अहमदनगर हे नाव त्यात पुन्हा पुन्हा येतं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकिलांनी हे पुस्तक वापरलं. त्या उत्तरांमागचे बहुतेक शास्त्री मात्र निनावी राहिले, याची खंत वाटते. आधुनिक महाराष्ट्रातल्या विधिसंशोधनाचे पहिले लेखक तेच होते.

तोवर मुंबईत दुसरी शाखा फुटली होती. तिथल्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश अर्स्किन पेरी १८५२ मध्ये निवृत्त होऊन परत गेले. त्यांच्या सन्मानार्थ लोकांनी वर्गणी काढली, त्या पैशातून न्यायशास्त्राचं अध्यापकपद निर्माण झालं आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आश्रयाने कायद्याचे वर्ग भरू लागले. आजचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज ते हेच. १८५५ हे साल उशिराचं वाटत असेल तर एवढं लक्षात घ्यावं की खुद्द इंग्लंडात विद्यापीठाने देशी कायदा शिकवायला प्राध्यापक नेमला तो १७५८ मध्ये, ब्लॅकस्टोनच्या रूपाने. त्याआधी आणि नंतरही बराच काळ तिथला बॅरिस्टर लंडनच्या ‘इन’मध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेत, ठरलेली जेवणं घेऊन आणि ज्येष्ठांच्या हाताखाली काम करूनच तयार होई.

पेरी यांची आणखी एक ओळख या कथेत महत्त्वाची आहे. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष असताना उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावं असा त्यांचा आग्रह होता. १८४७ च्या त्या वादात जगन्नाथ शंकरशेट मराठीच्या बाजूने ठाम उभे राहिले. इंग्रजी जिंकली, आणि ज्या पेरींनी ती जिंकून दिली त्यांच्याच नावाच्या अध्यापकपदावर मुंबईचं कायद्याचं शिक्षण उभं राहिलं. त्या निकालाची किंमत तालुका कोर्टं आजही मोजतात.

कॉलेज निघालं म्हणून वकील कॉलेजातूनच येऊ लागले असं मुळीच झालं नाही. न्यायमूर्ती रानडे १८६६ मध्ये एल्‌एल्‌.बी. झाले, असे पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जिल्ह्याजिल्ह्यांतली बहुसंख्य मंडळी ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर’ किंवा ‘हायकोर्ट प्लीडर’ या परीक्षा देऊन सनद मिळवत. परीक्षा होती, पण शिकवणारं कुणी नव्हतं. ज्याने त्याने जुन्या वकिलाच्या ओटीवर बसून, कायद्यांची पुस्तकं घोकून तयारी करायची. ही उणीव टिळकांनी हेरली. ते स्वतः १८७९ चे एल्‌एल्‌.बी. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडले त्या सुमारास त्यांनी पुण्यात या दोन परीक्षांसाठी खासगी लॉ क्लास काढला. केसरीतून पोट भरत नव्हतं, ते या वर्गाने भरलं. टिळकांच्या चरित्रात हा वर्ग दोन ओळींत उरकला जातो. मला तो फार मोठा वाटतो. मुंबईला जाऊन राहण्याची ऐपत नसलेल्या मुलाला वकिलीचं दार त्याने उघडून दिलं. १८९७ च्या आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांतला आरोपी कायद्याचा जुना मास्तर होता, हेही विसरू नये.

या तऱ्हेतऱ्हेच्या वाटांनी तयार झालेले वकील राहात्याच्या परिसराने जवळून पाहिले. निमित्त शेजारच्या शिर्डीचं, जी आज राहाता तालुक्यात आहे. मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी १९१०-११ मध्ये तिथे वाडा बांधला. अमरावतीचे नामांकित वकील आणि टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९११ मध्ये आले ते मार्च १९१२ पर्यंत राहिले. त्यांची त्या दिवसांची डायरी प्रसिद्ध आहे. हे सगळे भक्त म्हणून आले होते. पण १९१८ मध्ये साईबाबांनी देह ठेवला आणि समाधीची, उत्पन्नाची, व्यवस्थेची जबाबदारी कुणाची हा रोकडा कायदेशीर प्रश्न उभा राहिला. सार्वजनिक न्यासाची योजना न्यायालयाकडून ठरवून घेण्याची सोय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ मध्ये होती. अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयाने १९२२ मध्ये संस्थानची योजना मंजूर केली आणि दीक्षित तिचे मानद चिटणीस झाले. पुढे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला, २००४ मध्ये शिर्डी संस्थानसाठी स्वतंत्र कायदाच झाला. न्यासाचा कायदा शिकवायला एवढं भरगच्च उदाहरण देशात क्वचित सापडेल.

आता विद्वत्तेची बाजू. मराठी माणसांनी कायद्यावर जे टिकाऊ लेखन केलं ते जवळजवळ सगळं वकिली करता करता केलं. विश्वनाथ नारायण मंडलिक हायकोर्टाचे वकील. त्यांनी १८८० मध्ये व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती मुळासह, इंग्रजी भाषांतर आणि टिपा देऊन छापले. पांडुरंग वामन काणे हायकोर्टात वकिली करत, १९१७ ते १९२३ गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात शिकवत, आणि व्यवहारमयूखाच्या संपादनाच्या निमित्ताने सुरू झालेला त्यांचा शोध १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं, इतका विस्तारला. जगन्नाथ रघुनाथ घारपुरे यांनी हिंदू कायद्याच्या मूळ ग्रंथांची मालाच काढली, आणि इंडियन लॉ सोसायटी स्थापून १९२४ मध्ये पुण्यात लॉ कॉलेज सुरू केलं. पहिले प्राचार्यही तेच. ज्या रस्त्याला पुणं लॉ कॉलेज रोड म्हणतं तो याच कॉलेजचा. यशवंतराव चव्हाण, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड इथेच शिकले.

या साऱ्यांच्या कामाची वेळ पाहा. दिवसा कोर्ट, सकाळी किंवा संध्याकाळी वर्ग, रात्री पोथ्या. लॉ कॉलेजं सकाळी किंवा दिवेलागणीला भरत ती शिकवणारे दिवसभर कोर्टात असत म्हणून. त्यात हेळसांड होती. गैरहजर अध्यापक, पाठ केलेल्या नोट्‌स, परीक्षेपुरता अभ्यास या तक्रारी खऱ्या होत्या. डॉ. आंबेडकरांना त्या दिसल्या. १९२८ मध्ये ते गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात काही काळ शिकवून गेले होते. १९३५ मध्ये ते तिथे पेरींच्याच नावाच्या अध्यापकपदावर आणि प्राचार्यपदावर आले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्यांना पुढे राज्यघटनेचा मसुदा करायचा होता, त्यांनी आधी कायद्याचा वर्ग सुधारायला घेतला होता.

पुढचा भाग झरझर सांगता येतो. १९६१ च्या ॲडव्होकेट्‌स ॲक्टने प्लीडर, वकील, ॲडव्होकेट हे भेद मिटवले आणि शिक्षणाचा दर्जा ठरवणं बार कौन्सिलकडे आलं. १९८७ मध्ये बंगळुरूला माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली पहिली राष्ट्रीय विधिशाळा उभी राहिली : पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम, पूर्णवेळ अध्यापक, निकालपत्रांवरून वर्गात प्रश्नोत्तरं. ही प्रश्नोत्तरांची रीत लँगडेलने १८७० मध्ये हार्वर्डला सुरू केलेली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा केला आणि मुंबई, नागपूर, औरंगाबाद (आजचं संभाजीनगर) इथे अशी विद्यापीठं आली. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी रात्रीची कॉलेजं संपवली.

या नव्या शाळांनी मुलांना ग्रंथालय दिलं, वेळ दिला, अभिरूप न्यायालयात उभं राहून बोलायची हिंमत दिली. ही कमाई मोठी आहे आणि ती परत द्यावी असं मी म्हणणार नाही. पण पूर्णवेळ अध्यापक झाला त्या दिवशी त्याचा कोर्टाशी असलेला रोजचा संबंध तुटला. अभिरूप न्यायालयातलं प्रकरण रचलेलं असतं, त्यातले पक्षकार कल्पित असतात. संशोधनाचा विषय नियतकालिकांच्या चर्चेतून येतो. नगरचा शास्त्री ज्याला उत्तर देत होता तो विचारणारा माणूस या रचनेत कुठेच नाही.

राहाता तालुक्यात तो माणूस आजही आहे. बेलापूर कंपनीसारख्या साखर कंपन्यांनी इथल्या आणि श्रीरामपूर-कोपरगावच्या शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. कमाल जमीनधारणेच्या १९६१ च्या कायद्याने त्या सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाने कसल्या. खंडकऱ्यांना त्या परत मिळू लागायला २०१२ उजाडलं. अर्ध्या शतकाचा हा लढा किती विधिशाळांच्या अभ्यासक्रमात आहे? याच तालुक्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा केला. सभासदाचे हक्क, उसाचे पैसे, संचालकांची जबाबदारी हे सगळे प्रश्न सहकार कायद्याचे आहेत. कालव्याचं पाणी, कुळाची नोंद, बांधाचा वाद, वारसाची फेरफार नोंद यांवर मराठीत नीट, साधार लिहिलेलं पुस्तक शोधायला गेलं तर हाताला बहुतेक परीक्षेची गाइडं लागतात. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे असं १९९८ च्या अधिसूचनेने ठरून गेलंय, तरीही मुलं कायदा इंग्रजीतून शिकतात आणि कोर्टात उभं राहिल्यावर दाव्याची मराठी नव्याने शिकतात.

कोर्ट आणि वर्ग पुन्हा जोडायला नवा कायदा लागत नाही. २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे उमेदवारी करावीच लागते, आणि ती खालच्या कोर्टात करायला पूर्ण मोकळीक आहे. वकिली करणाऱ्याने दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवावा, ही मुभा १९७९ पासून आहे. प्रत्येक कॉलेजात कायदा सहाय्य केंद्र असतंच.

म्हणून नगर, पुणे, संभाजीनगरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. उमेदवारीचे सगळे आठवडे मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांना देऊ नका. त्यांतले चार राहात्यासारख्या तालुक्याच्या कोर्टात द्या. तिथे कानावर आलेला एक प्रश्न निवडा, त्याचे निवाडे आणि तरतुदी शोधा, उत्तर मराठीत लिहा, आधार जोडा आणि खाली गावाचं नाव व तारीख घाला. आणि अध्यापकांनी अशा उत्तरांना संशोधनाचे पूर्ण गुण द्यावेत.